कारणे दाखवा

‘कारणं सांगू नकोस,’ मास्तर पोराला दटावतात. सरकारी कचेरी मात्र ‘कारणे दाखवा’ नोटीस धाडते. शब्द एकच. पहिल्यात ती सबब, दुसऱ्यात खुलासा. हीच फोड एका जुन्या गोष्टीला लावून पाहू.

१९१६ साली गिरणीमालक प्रताप शेठांनी खानदेशात अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. कापसाच्या मुलखात वेदान्त, आणि मंदिराचं त्रैमासिक इंग्रजीत! साने गुरुजी तिथे आले, पुढे मास्तर झाले, १९३०मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. १९३२ला धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी साध्या मराठीत गीता सांगत, गुरुजी उतरवून घेत. लढावं की नाही, हा अर्जुनाचा पेच. ऐकणारे बहुतेक तर लढूनच आत आलेले! मग ती प्रवचनं लढण्याचं कारण होती की नंतरचा खुलासा? आम्हाला खुलासा वाटतो. गुरुजींना बहुधा पटलं नसतं.