वेग विचारताना जीबीही विचारा

मुलगा किंवा मुलगी हुबळी-धारवाडला इंजिनिअरिंगला लागली की घरातला पहिला मोठा खर्च लॅपटॉपचा. कलघटगीहून बस धरायची, कोप्पीकर रोड गाठायचा. दुकानदार म्हणतो, ‘एसएसडी आहे, एकदम फास्ट’, आणि आपण मान डोलावतो. आपल्या कलघटगीचा रंगवलेला लाकडी पाळणा घेणारे लोक त्यावरची चित्रं बघून झाली तरी लाकूड सागवानी आहे ना, हे विचारल्याशिवाय पैसे काढत नाहीत. लॅपटॉपच्या दुकानातही तशीच जीभ चालवा. फास्ट म्हणजे किती, आणि किती जीबीची?

एसएसडी म्हणजे लॅपटॉपातल्या फाइली साठवणारी मेमरी. एकाच नावाच्या एसएसडीचा वेग क्षमतेप्रमाणे बदलतो, आणि जाहिरातीत बहुधा मोठ्या क्षमतेचा आकडा असतो. सॅमसंगची ‘९८० प्रो’ घ्या. १ टीबीची एसएसडी सेकंदाला ५,००० एमबीपर्यंत लिहिते, असं कंपनी सांगते. त्याच नावाच्या २५० जीबीच्या एसएसडीसाठी तीच कंपनी २,७०० सांगते. आत मेमरीचे छोटे छोटे भाग असतात आणि कंट्रोलर त्यांच्यावर एकाच वेळी काम वाटून देतो. क्षमता कमी, तर भाग कमी, म्हणून वेगही कमी.

महागड्या लॅपटॉपातही हे सुटत नाही. अॅपलने २०२२ मध्ये एम२ मॅकबुक एअर आणली. तिच्या २५६ जीबीच्या मॉडेलमध्ये दोनऐवजी एकच चिप होती. जुनी एम१ चाचण्यांत सेकंदाला सुमारे २,९०० एमबी वाचत असे, ही नवी सुमारे १,५०० वर आली. ५१२ जीबीच्या मॉडेलला हा फटका नव्हता. २०२४ च्या एम३ एअरमध्ये २५६ जीबीलाही पुन्हा दोन चिप आल्या. म्हणून परीक्षणातला आकडा वाचताना आधी त्यांनी तपासलेला लॅपटॉप किती जीबीचा होता ते पाहा.

पण आकड्यांच्या मागे वेडं होऊ नका. ब्राउझर, वर्ड, कोडिंग ही कामं बारीकसारीक फाइलींची. क्रिस्टलडिस्कमार्क हे फुकट सॉफ्टवेअर चालवलंत तर वरच्या ओळीत हजारोंचे आकडे दिसतील, सगळ्यात खालच्या ‘४के’च्या ओळीत वाचनाचा आकडा मात्र बऱ्याचदा शंभरच्या आतला. रोजचं काम त्या खालच्या ओळीवर चालतं. ३,५०० आणि ७,००० मधला फरक मोठे व्हिडिओ इकडून तिकडे हलवणाऱ्याला कळेल, बाकीच्यांना क्वचितच.

जिथे खरोखर फसगत होते ती जागा वेगळी. अगदी स्वस्त लॅपटॉपात ६४ किंवा १२८ जीबीचं ‘ईएमएमसी’ असतं. ते एसएसडी नव्हे. ‘एम.२’ हा शब्दही पुरेसा नाही, तो फक्त आकार. त्या आकारात साटा एसएसडीही येते, ती साधारण ५५० एमबीच्या पुढे जात नाही. म्हणून वेगवान प्रकारची, म्हणजे ‘एनव्हीएमई’ एसएसडी, असं बिलावर लिहून घ्या.

हातात थोडे जादा पैसे असतील तर जेन ३ ची (वरच्या ३,५०० वाली) एसएसडी सोडून जेन ४ ची (७,००० वाली) घेण्यात घालवू नका. २५६ चे ५१२ जीबी करा, ८ जीबीची रॅम १६ करा. रॅम अपुरी पडली की लॅपटॉप एसएसडीचाच रॅमसारखा वापर करतो, आणि भरत आलेली एसएसडी लिहिताना मंदावते. नंतर वाढवू म्हणणाऱ्यांनी दुसरा स्लॉट रिकामा आहे का, हेही आजच विचारावं. मॅकबुक एअरमध्ये तो मार्गच नाही, स्टोरेज बोर्डावर सोल्डर केलेलं असतं.

घरी आल्यावर विंडोजमध्ये ५१२ जीबीऐवजी ४७६ च दिसतील. त्यासाठी दुकानदाराशी भांडायला परत हुबळीला जाऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या.