विमानाचा मेकॅनिक व्हा, पण फी भरण्यापूर्वी चौकशी करा

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी, म्हणजे मनुस्मृती दहनाच्याच दिवशी, प्रवासी विमाने उडू लागली. आता ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या आमच्या वस्त्यांत बारावी सायन्स झालेल्या पोराचा बाप विमान देखभालीच्या कोर्ससाठी कर्ज काढायलाही तयार होईल. त्याने एवढे ध्यानात ठेवावे की संस्थेचे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे! परवाना देते ते डीजीसीए. त्याच्या परीक्षा वेगळ्या, त्यांचा खर्च वेगळा, वर प्रत्यक्ष विमानावर काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो. संस्थेला सीएआर-१४७ मान्यता आहे काय, ती इंजिन व सांगाड्याच्या बी-१ ची की एव्हिऑनिक्सच्या बी-२ ची, हे डीजीसीएच्या यादीत पाहावे. गुळगुळीत माहितीपत्रकात नव्हे. प्रत्यक्ष काम कोणत्या हँगरमध्ये देणार, हे लेखी मागावे. 'शंभर टक्के नोकरी' म्हणणाऱ्याकडून तर जरूर मागावे.

व्हाइसरॉयच्या सरकारकडे बाबासाहेबांनी १९४२ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या तांत्रिक शिक्षणाची मागणी केली. १९४४ पासून भारत सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली. पण २०१३ साली ठरलेली अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा २०२१ च्या सूचनांतही तशीच ठेवली गेली. म्हणजे महिना २१ हजार कमावणारा बाप त्या मर्यादेबाहेर, आणि खासगी संस्थांची फी लाखांत! मर्यादा वाढवलीच पाहिजे. तोवर विमान देखभालीच्या कोणत्या संस्थांना शिष्यवृत्ती लागू आहे, याची यादी ठाण्याच्या समाजकल्याण कार्यालयाने प्रवेश सुरू होण्याआधी दारावर लावावी, अशी आमची मागणी आहे.