विश्लेषण : स्ट्रीक तुटली की कट्टी? शाळकरी मैत्रीचे ॲपमधले गणित

‘कट्टी’ हा शाळकरी मैत्रीतला जुना व्यवहार. करंगळी दाखवून ती जाहीर व्हायची, दोन-तीन दिवस टिकायची आणि मधल्या सुट्टीत डबे उघडले की बहुधा विसरली जायची. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींत ती आजही होते. पण आता ती इन्स्टाग्रामवर ‘अनफॉलो’ होऊन किंवा व्हॉट्सॲप ग्रुपमधून ‘रिमूव्ह’ होऊन होते. तिची नोंद राहते आणि बऱ्याचदा ती साऱ्या वर्गाला दिसते. मुलांच्या मोबाइलवरून घरात होणारे वाद मात्र ‘किती तास’ या एकाच प्रश्नाभोवती फिरतात. नात्यांचे काय होते, हे त्यात मागे राहते.

फोन कोणाचा, मैत्री कोणाची?

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर २०२४’ अहवालात ग्रामीण भारतातील १४ ते १६ वर्षे वयाच्या मुलांची पाहणी आहे. या वयोगटातील जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि ८२.२ टक्के मुलांना तो वापरता येतो. वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्के मुलांनी सोशल मीडियासाठी.

याच अहवालातील आणखी एक आकडा कमी चर्चिला गेला. फोन वापरता येणाऱ्या १४ वर्षांच्या मुलांपैकी फक्त २७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. म्हणजे बहुतेकांची मैत्री आईच्या किंवा वडिलांच्या फोनवरून चालते. वडील फोन घेऊन कामावर गेले की उत्तर संध्याकाळीच जाणार. समोरच्या मैत्रिणीला मात्र एवढेच दिसते, की मेसेज पोहोचला आणि उत्तर आले नाही. शहरी मध्यमवर्गीय घरात बसून ‘मुलांचे फोन काढून घ्या’ म्हणणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही.

स्ट्रीकचा एवढा धसका कशासाठी?

स्नॅपचॅटवर दोघांनी एकमेकांना सलग तीन दिवस, दर २४ तासांत किमान एक स्नॅप पाठवला की नावापुढे ज्योतीचे चिन्ह आणि आकडा दिसू लागतो. ही झाली ‘स्ट्रीक’. एक दिवस चुकला की आकडा जातो. मुदत संपत आली की वाळूच्या घड्याळाचे चिन्ह येते. फक्त लिहिलेला मेसेज मोजला जात नाही, फोटो किंवा व्हिडिओच लागतो. म्हणून भिंतीचा, छताचा, काळ्या पडद्याचा फोटो रोज जातो. त्यात सांगण्यासारखे काही नसते. असतो तो फक्त हजेरीचा शिक्का.

दोनशे दिवसांची स्ट्रीक असलेल्या मुलाला परीक्षेच्या काळात किंवा गावी रेंज नसताना काय करावे, असा खराच पेच पडतो. त्यावर मुलांनी शोधलेला उपाय म्हणजे लॉगिन आणि पासवर्ड भरवशाच्या मित्राकडे सोपवणे. या वयात पासवर्ड देणे ही विश्वासाची खूण मानली जाते. मैत्रीत, आणि नुकत्याच जमलेल्या ‘रिलेशनशिप’मध्ये तर अधिकच. पुढे भांडण झाले की तोच पासवर्ड, त्यातल्या साऱ्या गप्पा आणि फोटोंसकट, रागावलेल्या माणसाच्या हातात असतो.

याच ॲपच्या पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत आणखी एक सोय आहे, ‘सोलर सिस्टीम’. मित्र हा सूर्य आणि तुम्ही त्याच्या आठ ग्रहांपैकी एक. सर्वांत जवळचा असेल तो बुध, आठवा तो नेपच्यून. मुलगी ज्याला आपला बुध समजते, त्याच्या लेखी ती गुरू किंवा शनी आहे, हे तिला पडद्यावर कळते. पत्रिकेतले ग्रह तरी कोणी समजावून सांगतो, इथे तेही नाही. अमेरिकेत यावरून मुलांना होणाऱ्या त्रासाची बातमी झाल्यावर एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने ही सोय आपोआप सुरू राहणे बंद केले. ती काढून मात्र टाकली नाही. हवी असेल त्याला सुरू करता येते.

कोण कोणाला जास्त जवळचा, हा प्रश्न या वयात पूर्वीही छळत असे. पण त्याचे उत्तर धूसर राहायचे, आणि त्या धूसरपणात मैत्री टिकायला जागा असायची. ॲपने ती जागा आकड्याने भरली.

ग्रुपमधले भांडण वेगळे का?

वर्गातले भांडण शाळा सुटली की थांबते. ग्रुपमधले रात्री अकरालाही चालू असते. एका मुलीला वगळून बाकीच्यांचा दुसरा ग्रुप तयार होतो. तिथल्या बोलण्याचे स्क्रीनशॉट कोणीतरी तिच्यापर्यंत पोहोचवतेच. ज्या वाढदिवसाला बोलावले नाही, त्याची स्टोरी तिला घरबसल्या दिसते. तिने ती पाहिली, हेही त्यांना दिसते. पूर्वी अशी पार्टी सोमवारी शाळेत ऐकू यायची. तीही टोचायची, पण तेव्हा चेहरा सावरायला मधला रविवार मिळायचा.

खरा धोका खासगी फोटोंचा आहे. ‘विश्वास असेल तर पाठव’ या एका वाक्यावर गेलेला फोटो परत येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-बनुसार १८ वर्षांखालील व्यक्तीचे लैंगिक स्वरूपाचे चित्र तयार करणे, पाठवणे, डाउनलोड करणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘फक्त फॉरवर्ड केले’ हा बचाव तिथे चालत नाही. पाठवणारा स्वतःच अल्पवयीन असेल, तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. आठवीतल्या मुलाला हे शाळेत कोणी सांगितलेले नसते.

मग सगळे वाईटच का?

नाही. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२२ मध्ये तेथील १३ ते १७ वर्षांच्या मुलांना विचारले, तेव्हा ८० टक्के मुलांनी सोशल मीडियामुळे मित्रांच्या आयुष्यात काय चालले आहे ते कळते, असे सांगितले. अडचणीत आधार देणारी माणसे तिथे भेटतात, असे ६७ टक्क्यांनी सांगितले. ३८ टक्के मुलांना तिथल्या भांडण-नाट्याचा ताण येत होता, तर ३१ टक्के मुलांना त्यामुळे एकटे पडल्यासारखे वाटत होते. वडिलांच्या बदलीमुळे शाळा बदललेल्या किंवा वर्गात कोणाशी न जमणाऱ्या मुलासाठी जुना ग्रुप हाच आधार असतो. तो एका रात्रीत तोडणे ही शिक्षाच ठरते.

एकट्याने सोडणे का जमत नाही?

शिकागो विद्यापीठातील अर्थतज्ज्ञांनी २०२३ मध्ये अमेरिकी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. चार आठवडे टिकटॉक बंद ठेवण्यासाठी विद्यार्थ्यांनी सरासरी ५९ डॉलर मागितले, इन्स्टाग्रामसाठी ४७. आपल्यासह बाकीचे सगळेही बंद करणार असतील तर, असे विचारल्यावर हिशेब उलटला. तसे होणार असेल तर टिकटॉकसाठी २८ आणि इन्स्टाग्रामसाठी १० डॉलर स्वतःच्या खिशातून द्यायला ते तयार होते. ही मुले वयाने मोठी होती, पण तेराव्या वर्षी मित्रांची ओढ याहून कमी नसते. एकट्याने बाहेर पडणे म्हणजे वाळीत पडणे. सगळे बाहेर पडले तर ती सुट्टी.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाला हे प्रयोगाशिवाय उमगले. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि साडेआठच्या भोंग्यापर्यंत घराघरांतले टीव्ही, मोबाइल बंद राहतात. हेतू अभ्यासाचा होता. पण त्या दीड तासात कोणाला उत्तर आले नाही, म्हणून कोणी कोणावर रुसण्याचे कारण उरत नाही.

ऑस्ट्रेलियाने हाच विचार कायद्याने लागू केला. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे १६ वर्षांखालील मुलांची खाती इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, टिकटॉक, यूट्यूब यांसारख्या मंचांवर चालत नाहीत. व्हॉट्सॲप मात्र त्यातून वगळले आहे. आपल्याकडे शाळकरी मुलांची बरीचशी भांडणे व्हॉट्सॲपवरच होतात, हे पाहता तशी बंदी इथे जशीच्या तशी आणून फारसे हाती लागेल असे दिसत नाही.

भारतातील वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ हा १८ वर्षांखालील मुलांचा डेटा वापरण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती मागतो. मुख्य तरतुदी लागू होण्यास मात्र नोव्हेंबर २०२५ पासून १८ महिन्यांची मुदत आहे. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात किशोरवयीनांसाठी वेगळी खाती आणली. ती आपोआप खासगी असतात आणि रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद ठेवतात. जन्मवर्ष खोटे टाकले की हे सारे टळते.

शाळा आणि घर काय करू शकतात?

पालकसभेत एका वर्गाच्या सगळ्या पालकांनी रात्रीची एकच वेळ ठरवणे हे एकेकट्या घरातल्या शिस्तीपेक्षा सोपे पडते. मग ‘बाकी सगळे ऑनलाइन असतात’ हा मुलांचा युक्तिवाद, जो आज खरा आहे, खरा राहत नाही. त्याआधी शाळांनी स्वतःची सवय तपासायला हवी. गृहपाठ रात्री नऊ वाजता व्हॉट्सॲपवर टाकणाऱ्या शाळेला मुलांनी फोन ठेवावा असे सांगण्याचा अधिकार किती?

‘असर’नुसार सोशल मीडिया वापरणाऱ्या मुलांपैकी ६२ टक्के मुलांनाच एखादे खाते ब्लॉक वा रिपोर्ट करता येते आणि ५५.२ टक्के मुलांनाच प्रोफाइल खासगी ठेवता येते. हे शिकवायला एक तास पुरतो. पासवर्ड बदलणेही त्याच तासात शिकवता येईल, शक्यतो भांडण होण्याआधी.

फोटो पसरला असेल तर आधी ओरडा आणि मग मदत, या क्रमाने वेळ जातो. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास चालते. अमेरिकेतील ‘नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन’ या संस्थेची ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा १८ वर्षांखालील मुलांच्या अशा फोटोंसाठी आहे. फोटो कोणाला पाठवावा लागत नाही. फोनमध्येच त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी मंच त्यावरून तो फोटो शोधून काढून टाकतात. त्यासाठी मूळ फोटो फोनमध्ये असावा लागतो. घाबरून सर्वांत आधी तोच डिलीट केला जातो.