फलश्रुतीची शर्यत

दिवाळी अंकांचा हंगाम ओसरू लागला की रविवारच्या पुरवण्यांतून एक लेख हमखास वाचायला मिळतो. लेखक चाळिशी ओलांडलेला डॉक्टर, अभियंता किंवा उद्योजक असतो. काही वर्षांपूर्वी दोन जिने चढले की त्याला धाप लागत असे. मग कोणीतरी त्याला ट्रायथलॉनविषयी सांगते आणि तो पहाटे चारला उठू लागतो. स्पर्धेच्या दिवशी समुद्र खवळलेला असतो, सायकल पंक्चर होते, धावताना पोटऱ्यांत गोळे येतात. शेवटच्या दोन किलोमीटरांत मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर तरळतो आणि तो अंतिम रेषा ओलांडतो. समारोपाला उपदेश असतो : मनात आणले तर अशक्य असे काहीच नाही. शेजारी, दातांत पदक धरलेले छायाचित्र.

हा लेख आम्ही इतक्या वेळा वाचला आहे की नावे झाकली तर लेखकांना आपापला लेख ओळखता येईल की नाही याची शंका वाटते. आमचे भांडण खेळाशी नाही. पोहणे, सायकल आणि धावणे मध्ये न थांबता एकापाठोपाठ एक पुरे करणे हा देहाच्या कसोटीचा एक गंभीर प्रकार आहे. भांडण आहे ते या गद्याशी. हौशी खेळाडूच्या वाट्याला आलेला खराखुरा अनुभव हे गद्य त्याच्याच हातून पुसून टाकते, आणि मराठी शिकवणारे आपण सर्व जण ‘हे काही साहित्य नव्हे’ असे म्हणून मान फिरवतो. हे दुसरे पाप पहिल्यापेक्षा मोठे, असे आमचे मत आहे.

प्रथम आमचा या प्रकरणातला संबंध उघड करणे भाग आहे. आम्ही तिघे महाविद्यालयांत मराठी शिकवतो. आमच्यातला एक जण नोव्हेंबर २०२२ मध्ये गोव्यात, मिरामारच्या किनाऱ्यावर, अर्ध्या अंतराच्या आयर्नमॅनसाठी उतरला होता. ही स्पर्धा तेथे २०१९ मध्ये प्रथम झाली. अंतरे अशी : समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते. ती उलटली की स्पर्धकाला थांबवतात.

आमचा मित्र पाण्यातून १ तास २ मिनिटांनी बाहेर आला. पहिल्या दोनशे मीटरांत त्याचा श्वास अडकला होता. तलावात दोन वर्षे सराव करूनही चहूबाजूंनी हातपाय आपटत असलेल्या माणसांमध्ये त्याला छाती आवळल्यासारखी वाटली. तो उताणा होऊन आकाशाकडे पाहत राहिला आणि परत फिरण्याचा विचार त्याने दोनदा केला. खाऱ्या पाण्याने जीभ सुजली. कपडे बदलून सायकलवर बसेपर्यंत आणखी ९ मिनिटे गेली. साठाव्या किलोमीटरनंतर पोटात काही ठरेना. गोड पेय घेतले की उलटी, न घेतले की डोळ्यांपुढे अंधारी. सायकलचा टप्पा संपवून तो उतरला तेव्हा घड्याळात ५ तास ३६ मिनिटे झाली होती. मर्यादा ५ तास ३० मिनिटांची होती. एका स्वयंसेवक मुलीने त्याच्या घोट्याला बांधलेली वेळ मोजणारी चिप सोडवून घेतली. ‘सर, पाणी घ्या,’ एवढेच ती म्हणाली. निकालात त्याच्या नावापुढे तीन अक्षरे आली : डीएनएफ. म्हणजे पूर्ण केली नाही.

खरी कथा येथून पुढे सुरू होते. परतल्यावर त्याने या दिवसावर बाराशे शब्द लिहिले. लेख नेटका होता, रडगाणे नव्हते. पुरवणीच्या संपादकांनी तो आवडल्याचे कळवले आणि एक सूचना केली : पुढच्या वर्षी स्पर्धा पूर्ण करा, मग त्या शेवटासह छापू. एका महाविद्यालयाने त्याला प्रेरणादायी व्याख्यानमालेत बोलावले होते. तिथल्या संयोजकांनी निकाल कळल्यावर अत्यंत सौजन्याने विचारले, ‘शेवट थोडा सकारात्मक करता येईल का?’ त्याने नकार दिला. व्याख्यान दुसऱ्या कोणाचे तरी झाले.

यात कोणी दुष्ट नव्हते. तरीही एक नियम किती घट्ट बसला आहे ते यातून दिसते. व्रतकथेला फलश्रुती लागते. उतले-मातले नाहीत, घेतला वसा टाकला नाही, तर फळ मिळणारच. आपल्या क्रीडाकथनांनी ही चौकट जशीच्या तशी उचलली आहे. फरक इतकाच की व्रतकथेत फळ देणारा देव असतो, येथे त्याच्या जागी ‘इच्छाशक्ती’ नावाची एक निराकार देवता बसवली आहे. व्रत करूनही फळ मिळाले नाही, अशी कहाणी कोणी सांगत नाही, कारण मग व्रतच खोटे ठरते.

या देवतेच्या पूजेत पहिला बळी जातो तो शरीराचा. ‘शरीर थकले होते, पण मन धावत होते’ हे वाक्य आम्ही किमान वीस लेखांत वाचले असेल. मन धावत नाही, स्नायू धावतात. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजनच्या रूपाने साठवलेली ऊर्जा सुमारे दीड-दोन हजार किलोकॅलरींची असते. पाच-सहा तासांच्या श्रमाला ती पुरत नाही, म्हणून वाटेत खावे लागते, आणि नेमके तेव्हाच रक्त कष्टणाऱ्या स्नायूंकडे व कातडीकडे वळल्याने पोट काम नाकारते. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे तो कितीही गळला तरी अंग पुरेसे निवत नाही. त्यावर भीतीने नुसतेच पाणी पीत राहिले तर रक्तातले सोडियम घसरून जिवावर बेतू शकते. हे सारे नाट्य आतड्यांत, मिठात आणि उष्णतेत घडत असते. लेखात मात्र ते एका वाक्यात गुंडाळून मनाच्या पायाशी ठेवले जाते. शरीराला मनाचा आज्ञाधारक गडी मानणारी ही जुनीच उतरंड आहे, फक्त तिने आता धावण्याचे बूट घातले आहेत.

दुसरा बळी हरलेल्यांचा. या खेळाच्या इतिहासाकडेच पाहा. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईच्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली. १५ जण उतरले, १२ जणांनी ती पूर्ण केली. ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत जिंकलेल्या गॉर्डन हॅलरचे नाव सर्वत्र सापडते. उरलेल्या तिघांचा दिवस कसा गेला, हे कोण विचारतो? फेब्रुवारी १९८२ मधली ज्युली मॉसची गोष्ट तर अनेकांना तोंडपाठ असते. ती महाविद्यालयीन विद्यार्थिनी स्त्रियांमध्ये आघाडीवर असताना अंतिम रेषेजवळ कोसळली, कॅथलीन मॅकार्टनी तिला मागे टाकून गेली, आणि मॉसने रांगत रेषा ओलांडून २९ सेकंदांच्या फरकाने दुसरा क्रमांक मिळवला. दूरचित्रवाणीवर ते दृश्य पाहून जग हेलावले. पराभवाला सन्मान देणारी कथा म्हणून ती सांगितली जाते. पण बारकाईने पाहिले तर तिच्यातही अट तीच आहे : रांगत जा, पण पोहोच. रेषेच्या शंभर हात अलीकडे ती निपचित पडली असती, तर ही कथा इतक्या आवडीने सांगितली गेली असती काय?

तिसरी गोष्ट पैशाची आणि वेळेची. २०१५ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या मिलिंद सोमण यांनी झुरिकची पूर्ण अंतराची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पुरी केली, आणि शहरी मध्यमवर्गात या खेळाविषयी कुतूहल वाढले. त्यात वाईट काही नाही. पण आमच्या मित्राने जमाखर्च मांडला तेव्हा सायकल, प्रवेशशुल्क, तलावाचे पैसे, बूट, प्रवास आणि निवास मिळून त्याचा तीन महिन्यांचा पगार गेला होता. दोन वर्षे रविवारची सकाळ त्याची नव्हती, म्हणजेच त्याच्या पत्नीचीही नव्हती. मुलांचा नाश्ता, सासूबाईंची औषधे, दूधवाला हे सर्व तिने सांभाळले. पुरवणीतल्या लेखात या साऱ्याचा उल्लेख शेवटून दुसऱ्या परिच्छेदात ‘कुटुंबाची भक्कम साथ’ या तीन शब्दांत उरकतात. ज्याला ‘इच्छाशक्ती’ म्हटले जाते तिच्यात फावल्या वेळाचा, घरातल्या दुसऱ्या माणसाच्या श्रमांचा आणि नियमित पगाराचा वाटा किती, हा प्रश्न वाङ्मयीन आहे. कारण कथनात काय झाकले जाते यावरून कथन कोणाचे आहे ते ठरते.

येथे कोणी वारीचा दाखला देईल. पुरवण्यांना तो फार प्रिय असतो : ‘ही तर आमची आधुनिक वारी!’ आम्हांला हे साम्य मान्य नाही. आळंदी-पंढरपूर ही वाट अडीचशे किलोमीटरांच्या आसपासची आहे आणि चालणारे तिच्यावर दमतातच. पण त्या वाटेवर कोणाच्या घोट्याला घड्याळ बांधलेले नसते. ज्याला पुढे जाणे झाले नाही त्याच्या नावापुढे कोणी तीन अक्षरे लिहीत नाही.

आता आपल्याकडे वळू. अनुभवाची प्रामाणिकता हे शब्द आपण वर्गांत किती वेळा उच्चारतो! ज्या १९७८ साली हवाईत ती पहिली स्पर्धा झाली, त्याच साली मराठीत दया पवारांचे ‘बलुतं’ आले. लादलेली भूक आणि हौसेने विकत घेतलेला थकवा यांना एका तराजूत घालण्याचा अडाणीपणा आम्ही करणार नाही. तो अपमान ठरेल. सांगायचे आहे ते इतकेच की त्या पुस्तकाने आणि त्यामागून आलेल्या आत्मकथनांनी मराठी गद्याला शरीराविषयी, लाजेविषयी आणि न सुटलेल्या प्रश्नांविषयी फलश्रुतीवाचून बोलायला शिकवले. तो धडा आपण दलित आत्मकथनांच्या प्रश्नपत्रिकेपुरता ठेवला आणि पुढे कोठेही लावला नाही. खेळाचे लेखन आपल्या लेखी साहित्याच्या उंबऱ्याबाहेरचे. हारुकी मुराकामीने धावण्यावर लिहिलेल्या पुस्तकात (जपानी मूळ २००७) ट्रायथलॉनच्या पाण्यात श्वास बिघडल्याची कबुली दिली, तर ती आपण भाषांतरात कौतुकाने वाचतो. तीच कबुली शेजारच्या विभागातल्या सहकाऱ्याने मराठीत दिली, तर ‘शेवट बदला’ म्हणतो.

आक्षेप येईल तो ठाऊक आहे. लहान गावांतून आलेल्या, पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुलांना आशेची गरज असते, त्यांना हरलेल्या प्राध्यापकाची गोष्ट कशाला? आक्षेप हलका नाही. आम्हीही काही काळ तसेच मानत होतो.

मग गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी आमच्यातल्या एकाला तासानंतर भेटली. ती क्रॉस कंट्री धावत असे. विद्यापीठाच्या स्पर्धेत सातव्या किलोमीटरला ती बाहेर पडली होती आणि त्यानंतर महिनाभर वर्गात आली नव्हती. आम्हांला वाटले होते, आजारी असेल. ती आजारी नव्हती. परत आल्यावर सगळे काय विचारतील आणि आपण काय सांगायचे, हे तिला सुचत नव्हते. तिने विचारले, ‘सर, अर्ध्यात सोडलेल्याचं लिहिता येतं का?’ आपण तिला चार वर्षे मराठी शिकवत होतो. त्या चार वर्षांत हा प्रश्न तिला पडू नये इतकेही आपल्याला साधले नव्हते. प्रेरणादायी गद्याने तिला आशा दिली नव्हती. हरल्यावर बोलण्यासाठी लागणारी भाषा मात्र तिच्याकडून काढून घेतली होती.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. हौशी खेळाडूंनी लिहावे, भरपूर लिहावे. पण किती वाजले होते, काय खाल्ले, काय ओकले, किती पैसे गेले, घरी कोण जागे होते आणि कशाची भीती वाटली, हे लिहावे. पूर्ण झाले तर पूर्ण झाले म्हणावे, नाही तर नाही. संपादकांनी शेवट मागू नयेत. आणि आपण शिक्षकांनी निबंधाला ‘माझा अविस्मरणीय विजय’ हा विषय देण्याचे एवढ्यावर थांबवावे.

त्या मुलीने लिहिले. दोन पाने. लेख सातव्या किलोमीटरला, कुंपणाच्या तारेला धरून उभे राहण्यापाशी संपतो. तो आम्ही महाविद्यालयाच्या नियतकालिकासाठी घेतला. संपादक मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो मनापासून वाखाणला आणि त्याला शीर्षक सुचवले : ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’. त्यावर पाऊण तास वाद झाला. शीर्षक तिचेच राहिले : ‘सात किलोमीटर’.