पाड्यावरची शाळा आणि घरची पुतणी

डोंबिवलीहून एका भगिनींचें पत्र आलें आहे. घर एकत्र, सासरे निवृत्त, घरांत शब्द सासूबाईंचा चालतो, आणि थोरल्या दिरांची मुलगी यंदा अध्यापक विद्यालयांतील दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडली आहे. शहापूर तालुक्यांतील एका पाड्यावर, एका संस्थेच्या शाळेंत शिकवावयास जाण्याचा तिनें हेका धरला आहे. "पोरगी इंजिनियर झाली नाहीं, हें दुःख आम्हीं गिळलें, पण शिकलेली मुलगी रानांत धाडावयाची, हें सासूबाईंना सोसवत नाहीं. आपण तिची समजूत घालावी," असें त्या लिहितात.

समजूत घालण्याचें काम मजकडे आलें खरें. परंतु ती पुतणीची घालावयाची कीं सासूबाईंची, हें पत्र दुसऱ्यांदा वाचल्यावर माझें मलाच कळेना. बारावीस उत्तम गुण मिळविलेल्या मुलीनें अध्यापक विद्यालयांत नांव घातलें कीं शेजारीं हळू आवाजांत विचारणा होते, "काय हो, कांहीं अडचण होती का?" जणूं घरांत कोणी आजारी पडलें आहे!

'शिकलेली मुलगी रानांत' ही तक्रार मात्र नवी नव्हे, आणि परक्या मुलखांतलीही नव्हे. ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी गांवीं (2014 सालापासून तो भाग पालघर जिल्ह्यांत मोडतो) ताराबाई मोडक यांनीं 1945 सालीं ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें, तेव्हां त्यांचें वय 53 होतें. भावनगरास गिजुभाई बधेका यांजबरोबर काम करून त्यांनीं नांव मिळविलें होतें; मुंबईंत बसून व्याख्यानें दिलीं असतीं तरी त्यांस कोणी नांव ठेविलें नसतें. त्यांच्या साह्यास आलेल्या अनुताई वाघ पस्तिशीच्या होत्या. तेराव्या वर्षीं लग्न, वर्ष उलटण्यापूर्वींच वैधव्य, आणि नंतर स्वतःच्या हिमतीनें घेतलेलें शिक्षण! अशा बाईस त्या काळीं पुण्यांतील शाळेची नोकरी सोडून समुद्रकांठच्या खेड्यांत जाऊं नकोस, असें सांगणारीं माणसें कांहीं कमी नसतील.

बोर्डीस गेल्यावर पहिला धडा या दोघींनाच मिळाला. बालवाडी सजवून ठेविली, तरी गरीब वस्तीचीं मुलें तेथें येईनात. तेव्हां शाळाच उचलून त्यांच्या अंगणांत नेली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर चालतो, 1975 सालच्या केंद्र सरकारच्या योजनेनें तो घरोघर पोंचविला. त्याचें मूळ या अंगणांत आहे. परदेशी पद्धतीचीं महाग साधनें परवडण्यासारखीं नव्हतीं. मग शिंपले, बिया, खडे, पानें, माती यांचींच साधनें झालीं. पुढें 1957 सालीं काम डहाणू तालुक्यांतील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तींत गेलें. तेथें गुरें राखणारीं मुलें शाळेंत येऊं शकत नसत, म्हणून कुरणशाळा निघाली: जेथें गुरें चरतील तेथें पाटी. हें ऐकावयास सोपें वाटतें. पण ज्या बाईनें शाळा म्हणजे चार भिंती आणि घंटा एवढेंच पाहिलें आहे, तिला हें सुचावयास मन किती वळवावें लागत असेल!

भगिनींनीं पत्राबरोबर पुतणीचा एक कागदही धाडला आहे. बहुधा तिच्या नकळत. प्रशिक्षणांत प्रत्यक्ष शाळेवर पाठ घ्यावे लागतात, त्या दिवसांचें तें टांचण आहे. पहिल्या दिवशीं तिनें शुद्ध मराठींत प्रश्न विचारले. वर्ग दगडासारखा बसून राहिला. तिनें वहींत लिहिलें, "मुलें अबोल व मंद आहेत." तिच्याबरोबर शिकणारी एक ठाकूर समाजाची मुलगी त्याच तालुक्यांतली, ती वर्गांत आली, मुलांच्या बोलींत दोन वाक्यें बोलली, आणि तींच मुलें एकमेकांच्या आधीं उत्तरें देऊं लागलीं. संध्याकाळीं आपल्या पुतणीनें वहींतली ओळ खोडली व शेजारी लिहिलें, "अबोल मी होतें." पुढें भाताच्या राबाविषयीं त्याच मुलांनीं तिला अर्धा तास शिकविलें, असेंही टांचणांत आहे. दोन वर्षांच्या प्रशिक्षणाचें मोल मला तरी त्या खोडलेल्या ओळींत दिसतें.

शक्य तेथवर मुलास त्याच्या मातृभाषेंतून शिकवावें, असें 2009 सालचा शिक्षणहक्काचा कायदा सांगतो. पण कातकरी, वारली, ठाकूर मुलांची घरची बोली एक आणि पुस्तकाची दुसरी. मधला पूल शिक्षिकेनेंच बांधावयाचा. त्यांतून दिवाळीनंतर हजेरीपट ओस पडतो, कारण कातकरी कुटुंबें बिऱ्हाडासह वीटभट्ट्यांवर जातात तीं पावसाच्या तोंडीं परततात. कल्याण-भिवंडीच्या बाजूस या भट्ट्या आपण गाडींतून पाहतों. आपल्या कित्येक इमारतींच्या विटा तेथल्या आहेत. भट्टीवरच्या झोंपडीस भोंगा म्हणतात, म्हणून तेथें चालविलेल्या शाळांस भोंगाशाळा हें नांव पडलें.

आतां भगिनींस उत्तर. मुलगी जाऊं द्यावी, असें माझें मत आहे. परंतु "बिचाऱ्यांस सुधारावयास" ती जात असेल तर जाऊं देऊं नये. अनुसूचित क्षेत्रांतील शिक्षकांच्या सरकारी जागा स्थानिक आदिवासी उमेदवारांकरितां राखण्याची अधिसूचना 2014 सालीं राज्यपालांनीं काढली. त्यावरून पुढें पुष्कळ वाद झाले, तरी तिच्यामागील न्याय मला पटतो. त्या वर्गावर पहिला हक्क त्या ठाकूर मुलीचा. आपल्या मुलीनें तिची सहकारी म्हणून, प्रसंगीं तिच्या हाताखालींही, काम करण्याची तयारी ठेवावी आणि पहिलें वर्षभर बोली शिकावी.

मात्र सासूबाईंची भीति खोटी म्हणून उडवून लावणें बरें नव्हे. नेमणूक लेखी आहे कीं नाहीं, वेतन किती व कोणत्या तारखेस, राहावयास खोली कोठें, सोबतीस कोण, पावसांत ओढा भरला तर वाट कोणती, विंचूकाट्याच्या वेळीं दवाखाना किती दूर, हें सारें विचारावें. संस्थेचीं माणसें या प्रश्नांनीं रागावलीं तर त्या संस्थेंत मुलगी पाठवूं नये.

आणि विचारावयास सासूबाईंनींच जावें. कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीनें खर्डीस उतरावें, पुढें काय वाहन मिळेल तें पुतणी सांगेलच. भातकापणीच्या आधीं गेल्यास शाळा भरलेली दिसेल. त्या काय म्हणतात तें मला अवश्य कळवावें. उत्तर आल्यास पुढील अंकीं छापीन.