शेवाळ मेलं कशानं, हेही मांडा

२ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकेतल्या टोलेडो शहरात नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असा इशारा दिला गेला. उकळल्यानं पाण्यातलं विष नष्ट होत नाही, पाणी आटून ते उलट दाट होतं. चार लाखांवर लोकांचं पाणी तोडणारं हे मायक्रोसिस्टिन विष इरी सरोवरात माजलेल्या मायक्रोसिस्टिस या निळ्या-हिरव्या शेवाळाचं होतं. मॉमी नदीतून येणाऱ्या शेतांतल्या फॉस्फरसवर ते पोसलं, याबद्दल दुमत नाही. पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या दिवसांतल्या नमुन्यांत शेवाळाला विषाणूंची लागण झाल्याच्या खुणा सापडल्या. पेशी फुटून विष पाण्यात विरघळण्याशी संशोधकांनी या लागणीचा संबंध जोडला. विष पेशींत आहे की पाण्यात, हा फरक जलशुद्धीकरण केंद्राला जिव्हाळ्याचा आहे. अखंड पेशी तुरटीनं तळाशी बसतात, वाळूत अडकतात. विरघळलेलं विष मात्र निसटतं, त्यासाठी सक्रिय कार्बन वापरावा लागतो.

सरोवरांच्या अनेक गणिती मॉडेलांत मात्र शेवाळाचं मरण एकाच स्थिर दरात उरकलेलं असतं. माझा आक्षेप यालाच आहे. सूक्ष्म प्राण्यांनी शेवाळ खाल्लं, तर त्यातला काही फॉस्फरस अन्नसाखळीत वर चढतो, काही विष्ठेबरोबर तळाला जातो. विषाणूनं पेशी फोडली, तर त्यातला बराचसा वरच्याच पाण्यात सुटतो आणि जीवाणू व उरलेलं शेवाळ तो पुन्हा उचलतात. शिवाय लागणीचा वेग शेवाळ आणि विषाणू या दोहोंच्या घनतेच्या गुणाकारावर चालतो. म्हणून शेवाळ विरळ असताना जवळपास काहीच घडत नाही आणि ते दाटलं की पडझड झपाट्यानं होते. स्थिर दराच्या समीकरणात ही झपाट्याची पडझड बसतच नाही.

यावर मॉडेलकारांचं उत्तर असं, की एका पेशीतून किती विषाणू निघतात, उन्हात ते किती टिकतात, किती पेशी प्रतिकार करतात, हे आकडे धड हाती नाहीत. अज्ञात आकडे वाढवले की कुठलाही आलेख जुळवता येतो. आक्षेप वजनदार आहे. पण स्थिर दर हाही अंदाजच आहे, फक्त तो अंदाज म्हणून लिहिलेला नसतो. दुसरी भीती अशी, की विषाणूंच्या चर्चेत फॉस्फरस घटवण्याचं काम मागे पडेल. अमेरिका आणि कॅनडानं २०१६ मध्ये इरीसाठी ठरवलेलं ४० टक्के कपातीचं उद्दिष्ट मला अजिबात सैल करायचं नाही. उलट, सरोवरात आधीच असलेला फॉस्फरस असा फिरत राहिला, तर कपातीचा परिणाम दिसायला किती वेळ लागेल, हे शेतकऱ्यांना आणि करदात्यांना आधीच सांगायला हवं. त्यासाठी शेवाळाच्या हंगामात दर आठवड्याला पेशींतलं विष, पाण्यातलं विष आणि विषाणूंची जनुकं एकाच नमुन्यात मोजायला सुरुवात करावी.