'आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही'

'हा कार्यक्रम आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही.' हे वाक्य आम्ही पहिल्यांदा नीट वाचले ते एका परदेशी विद्यापीठाच्या वर्गात, भिंतीएवढ्या पडद्यावर, सात विद्यार्थ्यांच्या देखत. तास बोलींचा होता. मालवणीतली संबोधने आणि क्रियापदांची रूपे फळ्यावर लिहून आम्ही कंटाळलो होतो आणि विद्यार्थीही; म्हणून एका मराठी वाहिनीवरच्या जुन्या मालिकेतला पाच मिनिटांचा प्रसंग दाखवावा असे योजले होते. प्रसंग पुण्याच्या घरी बसून निवडलेला, वर्गणी भरलेली, मिनिट-सेकंद टिपून ठेवलेले. पडद्यावर मात्र वरील वाक्य उमटले, आणि तेही अर्थातच इंग्रजीत. आम्ही त्याचे मराठी भाषांतर फळ्यावर लिहिले आणि उरलेला तास त्या वाक्यावरच घेतला. प्रस्तुत लेख हा त्या तासाचा राहून गेलेला भाग समजावा.

वाक्यात कर्ता नाही, हे विद्यार्थ्यांच्या लगेच लक्षात आले. कोणी उपलब्ध करून दिले नाही, का दिले नाही, याविषयी ते मौन पाळते. यंदा आंबा नाही म्हणावे तसे ते 'नाही' म्हणते. जणू हा ऋतुमानाचा दोष. वस्तुतः येथे कोणीतरी कुलूप लावलेले असते. आपल्या संगणकाकडून जाणाऱ्या प्रत्येक मागणीबरोबर एक आयपी पत्ता जातो, तो कोणत्या देशाच्या वाट्याचा आहे हे एका कोष्टकात पाहिले जाते, आणि देश यादीत नसेल तर दार लागते. भारतीय भ्रमणध्वनीवर येणारा ओटीपी, भारतीय बँकेचे कार्ड, ॲपच्या दुकानात नोंदवलेला देश या त्यावरच्या कड्या. व्हीपीएन नावाचे भुयार खणून काही जण आत शिरतात. मग अशा भुयारांची तोंडे हुडकून तीही बुजवली जातात. वर्गणीदार तोच, पैसे तेच, भाषा तीच. बदलला तो फक्त माणूस बसला आहे ती खुर्ची.

पण आमचा खरा वाद आहे तो 'आपल्या प्रदेशात' या दोन शब्दांशी. मराठी बोलणाऱ्याचा प्रदेश कोणता, हे ठरवण्याचा अधिकार प्रक्षेपणहक्कांच्या करारनाम्याला कोणी दिला? भाषेला प्रदेश असतो हे आम्ही नाकारीत नाही. १ मे १९६० चा महाराष्ट्र त्याच तत्त्वावर उभा राहिला आणि त्यासाठी माणसांनी प्राण दिले. मात्र त्या लढ्यातला 'प्रदेश' हा भाषेच्या हक्काचा होता. करारनाम्यातला 'प्रदेश' हा विक्रीच्या सोयीचा आहे. पहिला म्हणतो, जेथे ही भाषा बोलली जाते तेथे तिला मान हवा. दुसरा म्हणतो, जेथे गिऱ्हाईक पुरेसे नाही तेथे ती भाषा दिसूच नये. एकाच शब्दाच्या आड इतके परस्परविरोधी अर्थ लपलेले असताना मराठीच्या प्राध्यापकांनी त्यावर चकार शब्द काढू नये, याचे आम्हांला नवल वाटते.

विशेषतः ज्यांनी वाङ्मयाचा इतिहास शिकवला आहे त्यांनी तरी. महाराष्ट्राबाहेर राहिलेली मराठी ही जणू फांदीवरून गळलेले पान, अशी एक समजूत आपल्या अभ्यासक्रमांत मुरलेली आहे. इतिहास निराळेच सांगतो. विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केले ते १८४३ साली. तंजावरात शहाजीराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १६८४ ते १७१२ या काळात, मराठी नाटके लिहिली जात होती. 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे त्यांतलेच. भोसले कुळाचा मराठी इतिहास १८०३ साली कोरला गेला तो तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर. फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. त्याचे देवनागरी हस्तलिखित अभ्यासकांच्या नजरेस पडले ते १९२० च्या दशकात, लंडनमधल्या मार्सडेन संग्रहात. आपले कितीतरी वाङ्मय टिकले ते कोणाच्या तरी परप्रांती जाण्यामुळे. त्या काळी 'आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही' असा शिक्का मारणारे यंत्र असते, तर आपल्या वाङ्मयेतिहासातली निदान दोन प्रकरणे कोरी राहिली असती.

हा दाखला फार जुना वाटत असेल, तर दूरचित्रवाणीचाच घेऊ. बीबीसीने १९६० आणि ७० च्या दशकांत आपल्याच कार्यक्रमांच्या कित्येक फिती पुसून टाकल्या. त्यांत 'डॉक्टर हू' या लोकप्रिय मालिकेचे अनेक भाग गेले. त्यांतले नऊ भाग २०१३ साली परत हाती लागले. कोठे, तर नायजेरियातल्या जोस शहरी, एका प्रक्षेपण केंद्राच्या कपाटात. परदेशी प्रक्षेपणासाठी धाडलेल्या त्या प्रती होत्या. घरी जे पुसले गेले ते बाहेर गेल्यामुळे वाचले. फीत महाग म्हणून एकीवर दुसरे चित्रित करण्याची रीत आपल्या दूरदर्शनवरही होती. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतरच्या पहिल्या वर्षांतले काय उरले आणि काय पुसले गेले, याचा हिशेब ज्यांनी मागायचा त्या आम्ही मंडळींनी तो कधी मागितला नाही. का मागितला नाही, याचे उत्तर फारसे सुखद नाही.

दूरचित्रवाणी ही आपल्या मते वाङ्मयाच्या वाड्याबाहेरची गोष्ट. परगावी गेलेला मराठी माणूस रात्री लॅपटॉप उघडून मालिका पाहतो हे ऐकले, की आपल्या परिसंवादांत एक विशिष्ट स्मित पसरते. सासू-सुना, कटकारस्थाने, भरजरी साड्या! हे स्मित आम्हीही केलेले आहे. आज ते मागे घेतो. मालिका सुमार असतात हे मान्य. बहुसंख्य कथासंग्रहही सुमार असतात, म्हणून कोणी ग्रंथालयाला कुलूप लावत नाही. क्रमशः येणाऱ्या कथानकाचा तर मराठीला तिटकारा असण्याचे कारणच नाही. हरिभाऊंची 'पण लक्षांत कोण घेतो?' आधी 'करमणूक' पत्रात हप्त्याहप्त्यानेच आली आणि वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत राहिले. 'करमणूक' हे नाव तरी पाहा. आज त्या नावाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले लेखन आमचे किती सहकारी नेमणुकीच्या अर्जात दाखवतील?

शिवाय मुद्दा केवळ कथानकाचा नाही. छापील मराठीत बोली नावापुरत्या असतात. आणि असतात तेव्हाही त्यांचा हेल वाचकाने आपल्या मनातून पुरवायचा असतो. 'तुझ्यात जीव रंगला'मधली कोल्हापुरी किंवा 'गाव गाता गजाली'मधली मालवणी शुद्ध होती की बेतलेली, याविषयी भांडण होऊ शकते आणि ते व्हावे. परंतु भांडण्यासाठी ती आधी ऐकू तर आली पाहिजे. शिकागोला १९६९ साली महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, त्या पिढीने आपल्याबरोबर नेलेली मराठी प्रस्थानाच्या तारखेला थांबली. तिच्यात नवे शब्द आले नाहीत, शिव्यासुद्धा जुन्याच राहिल्या. पत्रे, वर्षभर पुरवून वाचायचा एखादा दिवाळी अंक, पुढे किराणा दुकानातून भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटी, एवढ्यावर ती तग धरून होती. आता प्रथमच असे होऊ शकते की, ज्या रात्री साताऱ्यात एखादा शब्द रुळतो त्याच रात्री तो सिंगापुरात ऐकू येईल. भाषाभ्यासकाला याहून मोठी घटना कोणती हवी? आणि नेमक्या याच ठिकाणी कुलूप आहे.

येथे दुसऱ्या बाजूच्या मित्रांनी टाळी वाजवण्याची घाई करू नये. परदेशी मंडळांतून आम्ही अनेकदा ऐकले आहे, 'मुलं मराठी विसरू नयेत म्हणून आम्ही घरात वाहिनी लावूनच ठेवतो.' वाहिनी लावून ठेवल्याने मूल मराठी शिकत नाही. दूरचित्रवाणी बोलते, पण उत्तराची वाट पाहत नाही. आणि उत्तर द्यावे लागल्याशिवाय भाषा कोणाच्या जिभेवर बसत नाही. आईबाप पडद्याकडे तोंड करून मराठी ऐकतात आणि मुलाशी इंग्रजीत बोलतात, हे दृश्य आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून पाहिले आहे. (यजमानीणबाईंनी वाढलेली भाकरी उत्तम होती, हे नमूद करणे आमचे कर्तव्य.) तेव्हा संस्कृतिरक्षणाचा झेंडा आमच्या हाती देऊ नये. आमची मागणी त्याहून लहान आहे: ऐकण्याची सोय असावी. तिचे पुढे काय करायचे ते ज्याचे त्याने पाहावे.

आता आक्षेप येईल तो हक्कांचा. मालिकेत गाणे असते, त्याचे हक्क वेगळे. चित्रपटाचे परदेशी हक्क तर आधीच विकलेले. वाहिनीने काय सगळे फुकट वाटावे? मुळीच नाही. चोरून पाहण्याचा आम्ही पुरस्कार करीत नाही. मात्र लेखकाचा कैवार घेऊन जे कुलपाचे समर्थन करतात त्यांना स्मरण द्यावेसे वाटते की, भारतीय प्रतिमुद्राधिकार कायद्यात पटकथालेखक-गीतकारांना मानधनाच्या वाट्याचा हक्क मिळायला २०१२ ची दुरुस्ती यावी लागली, आणि तीही मोठ्या झगड्यानंतर. कुलपामुळे लेखकाला काही मिळत नाही. न विकलेल्या प्रतीवर मानधन नसते. विकायचे असेल तर विका. पैसे द्यायला माणूस दारात उभा आहे आणि दुकानदार म्हणतो, तुम्ही उभे आहात तो फरसबंदीचा दगड आमच्या यादीत नाही!

आणि तोडगा अशक्य आहे असेही नाही. युरोपीय संघाने २०१७ साली नियम केला आणि १ एप्रिल २०१८ पासून तो लागू झाला: आपल्या देशात वर्गणी भरलेला ग्राहक संघातल्या दुसऱ्या देशात तात्पुरता गेला, तर त्याला त्याच्या घरचे कार्यक्रम तेथेही दिसले पाहिजेत. नियम प्रवाशापुरता आहे, स्थायिक झालेल्याला तो लागू नाही. फुकट सेवांवर त्याची सक्तीही नाही. तरीही तेथे एवढे मान्य झाले की, वर्गणी माणूस भरतो, त्याची खुर्ची नव्हे. मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने परदेशी गेलेली आई, एका सत्रापुरता गेलेला संशोधक, बोटीवरचा खलाशी यांच्यासाठी एवढे तरी आपल्याकडे मागता येणार नाही काय?

खाजगी वाहिन्यांचे काही झाले तरी दूरदर्शनच्या बाबतीत आमचा आग्रह तडजोडीचा नाही. 'प्रतिभा आणि प्रतिमा'सारख्या कार्यक्रमातून मुंबई केंद्राने लेखकांना बोलते केले. चिं. वि. जोशींचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांच्या चेहऱ्याने घराघरांत नेला तोही याच केंद्राने. हे सारे सार्वजनिक पैशातून झालेले काम आहे. त्यांतले काही तुकडे यूट्यूबवर येतात, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने 'वेव्हज' हे व्यासपीठही सुरू केले, याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु तुकडा म्हणजे दप्तर नव्हे. प्रक्षेपणाची तारीख, निर्मात्याचे नाव, मुलाखतकाराचे नाव आणि संपूर्ण ध्वनिचित्रफीत, एवढे एकत्र असेल तरच त्यावर प्रबंध लिहिता येतो. असे दप्तर जगातल्या कोणत्याही खुर्चीवरून उघडावे, ही मागणी विद्यापीठांच्या मराठी विभागांनी लेखी करायला हवी. झेरॉक्सच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली शिक्षणासाठी प्रती काढण्याच्या बाजूने निकाल दिला तेव्हा आपण सर्वांनी पेढे वाटले होते. पुस्तकाचे पान वर्गात नेण्याचा हक्क ज्यांना महत्त्वाचा वाटला, त्यांना बोललेल्या वाक्याचा का वाटू नये?

त्या तासाला एक विद्यार्थिनी होती. तिची आजी वेंगुर्ल्याची; ती गेल्यावर घरात मालवणी बोलणारे कोणी उरले नव्हते, आणि त्या पाच मिनिटांसाठीच ती खरे तर आली होती. पुढच्या आठवड्यात तिने आम्हांला तिच्या भ्रमणध्वनीवर काही दाखवले. दादरला राहणाऱ्या तिच्या मावसभावाने आपल्या घरच्या संचासमोर फोन धरून तो प्रसंग टिपला होता. चित्र तिरके, कडेला पडदा हलतो आहे, मध्येच कुकरची शिट्टी. संवाद निम्मे ऐकू येतात. तिने ती फीत चार वेळा लावली, आणि 'गो' म्हणताना आवाज कोठे चढतो ते वहीत खूण करून ठेवले.